तात्या, बीळ बुजवू नका

चार वर्षं मला परदेशात पगार मिळाला तो बिळं मोजण्याचा. कुणी विचारलं तर मी 'मातीच्या बंधाऱ्यांवर संशोधन' असं सांगते, त्यानं पुढचे प्रश्न थांबतात. पण या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी 'खरोखर काय करत होतात तेच लिहा' असं बजावलंय, म्हणून लिहिते. बीळ शोधायचं, काठी घालून किती खोल आहे ते बघायचं, त्यातून किती पाणी गळतंय ते मोजायचं आणि मांडून ठेवायचं. एवढ्यासाठी इंजिनिअरिंगची डॉक्टरेट देतात. भोरच्या स्टँडवर मला शाळेतल्या गणिताच्या बाई भेटल्या. त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, त्याला हॉलंडला कशाला जायचं? माझ्या परसात आली असतीस."

बाईंचं अगदीच काही चुकलं नव्हतं. मी भोरची. बाबा कचेरीत कारकून होते. पण आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याची एक वाडी, आणि तिथली भाताची खाचरं बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे तात्या, करतात. माझ्या शाळेच्या बहुतेक सुट्ट्या तात्यांच्या मागं मागं बांधावरून चालण्यात गेल्या. खाचर म्हणजे उतारावर मातीचा बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. त्या बांधात खेकडे बिळं पाडतात, बिळातून पाणी गळतं, आणि गळती वेळेत बुजवली नाही तर बांध जातो. पावसाळ्यात तात्या उठले की चहाच्या आधी बांधावर चक्कर मारायचे. गळती दिसली की वाकायचे, दहा मिनिटांत बीळ बंद करायचे आणि पुढं निघायचे. बोलणं चालू असलं तर तेही न तोडता.

हॉलंडचा बराचसा मुलूख पाण्याच्या पातळीखाली आहे. मैलोन् मैल मातीचे बांध घालून त्यांनी समुद्राला आणि नद्यांना बाहेर ठेवलंय. मुलाखतीत प्राध्यापिकेनं मला विचारलं, "जनावरांनी पोखरलेला बांध कधी पाहिला आहेस का?" मी म्हणाले, "न पोखरलेला अजून पाहिला नाही." मला वाटतं, नेमणूक तिथंच झाली. नेमणूक हाच शब्द बरोबर आहे, कारण तिकडं पीएच.डी. ही नोकरी असते. टेबल मिळतं, किल्ली मिळते, रजेचा अर्ज असतो आणि चार वर्षं झाली की त्या तारखेला नोकरी संपते. काम पुरं झालंय की नाही, हे तारीख विचारत नाही.

प्राध्यापिकेचं नाव मारिका. नावानंच हाक मारायची, असा तिचा आग्रह. मला सहा महिने ते जमेना, म्हणून मी तिला हाकच मारत नव्हते. समोर जाऊन उभी राहायचे.

तिथं खेकड्यांचं काम एक केसाळ, पाण्यात राहणारा उंदीर करतो, आपल्या घुशीएवढा. मी त्याला पाणघूस म्हणायचे. या पाणघुशी पकडायला पगारी माणसं नेमलेली असतात. त्यातला हेंक नावाचा एक साठीचा गडी माझा पहिला गुरू. गुडघ्यापर्यंत बूट घालून तो बांधावरून चालायचा आणि मधेच थांबून टाचेनं जमीन दाबायचा. "इथं पोकळ आहे," म्हणायचा. खणलं की बीळ निघायचंच. तात्याही असंच करतात, फक्त अनवाणी. पहिल्याच दिवशी मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी हेंकला तिळाचा लाडू दिला. त्यानं तो औषध घ्यावं तसा तोंडात टाकला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक मागितला.

बांध फुटतो कसा, ते थोडक्यात सांगते. पाणी बांधावरून गेलं तर तो फुटतोच, पण बहुतेक वेळा तो आतून जातो. बिळातून गळणारं पाणी जाता जाता मातीचा एक कण घेऊन जातं. कण गेला की वाट रुंद होते, मग पाणी वाढतं, मग आणखी कण जातात. बाहेरून बांध धडधाकट दिसतो, गवतही हिरवंगार असतं. आणि एका सकाळी तो खाली बसतो. हे सगळं घडायला किती दिवस लागतात, शेवटचे दिवस ओळखायचे कसे, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

पहिल्याच महिन्यात मी एक पराक्रम केला. सहा माणसांनी आठवडाभर खपून एक चाचणीचा बांध उभारला होता आणि त्याला मुद्दाम गळती ठेवली होती. मोजमाप सुरू झालं, सगळे यंत्रांकडं बघत होते. मी बांधाजवळ उभी होते. पाणी दिसलं आणि मी वाकून गवताचं एक ढेकूळ उपटलं, बिळात कोंबलं आणि टाचेनं दाबलं. टाच कधी उचलली ते मला कळलंसुद्धा नाही. मागं वळून बघते तो सहा माणसं माझ्याकडं बघतायत. मी रडायच्या बेतात होते. मारिका हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, "हिच्यासमोर बांध गळूच शकत नाही!" पुढची चार वर्षं येईल त्या पाहुण्याला तिनं ही गोष्ट सांगितली. वाया गेलेल्या आठवड्याबद्दल मात्र मला कधी एक शब्द बोलली नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतेय.

तिसऱ्या वर्षी अडचण आली. प्रयोगशाळेतली बिळं आम्ही पाइप घालून पाडलेली, म्हणजे खोटी. खरा बांध, खरं बीळ आणि सगळा पावसाळा अशी मापं हवी होती. पण हॉलंडमध्ये खराखुरा बांध कोण गळू देणार? मी म्हणाले, "आमच्याकडं आहे एक." मारिकानं माझा जून ते ऑगस्ट वेल्ह्याला मंजूर केला आणि बजावलं की दुसरी संधी नाही, हे प्रकरण झालं नाही तर प्रबंध उभा राहणार नाही.

यंत्रांची पेटी घेऊन मी स्वारगेटहून एसटीत चढले. कंडक्टरनं ती हलवून बघितली. "जितं काय न्हाई ना आत?" पेटीत बोटाएवढ्या नऊ नळ्या होत्या. बिळाच्या आजूबाजूला त्या बांधात रोवायच्या, मातीतल्या पाण्याचा दाब त्या दर तासाला टिपतात, आणि तारेनं जोडलेल्या डब्यात ते साठतं. ओढ्याकडच्या खाचराचा बांध निवडला. त्याला एक झकास गळकं बीळ होतं. लावणी झाली, नळ्या रोवल्या आणि मी तात्यांना बांधावर नेलं.

"तात्या, हे बीळ बुजवायचं नाही."

"बरं."

"कितीही गळलं तरी."

"आन् बांध गेला मंजी?"

"एवढ्यात जात नाही. मला मोजायचंय."

तात्यांनी बिळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हॉलंडात गळाया सोडत्यात व्हय?"

"मोजायला सोडतात."

"मंग मोज. म्या तिकडं फिरकतच न्हाई. दिसलं तर हात ऱ्हायचा न्हाई."

आणि खरंच, तीन आठवडे तात्या ओढ्याकडं फिरकले नाहीत. पलीकडच्या शेतात जायला लांबचा वळसा घ्यायचे. मी मात्र मजेत होते. दिवसभर बांधावर छत्री धरून बसायचं, दोन्ही वेळा काकीच्या हातचं गरम जेवायचं. काकीनं दोनदा माझा अभ्यासविषय कालवणात घातला. खोटं कशाला बोलू, दोन्ही वेळा मी तांदळाच्या भाकरीबरोबर चापून खाल्ला.

मग डब्याची बॅटरी उतरली आणि नवी आणायला मी भोरला गेले. त्या दिवशी जो पाऊस लागला तो तीन दिवस हटला नाही. घाटात दरड आल्यामुळं गाड्या बंद, मी घरात अडकलेली. पण मनातून खूष होते. असाच पाऊस मला हवा होता. जुनी बॅटरी काढून मी राखीव जोडून आले होते, तिच्यावर आठवडा सहज निघाला असता.

चौथ्या दिवशी वाडीत पोचले. ओसरीवर तात्या बसले होते. त्यांच्या शेजारी सूप, आणि सुपात माझ्या नऊ नळ्या ओळीनं मांडलेल्या. स्वच्छ धुतलेल्या, फडक्यानं पुसलेल्या.

"चिखलात खराब झाल्या आसत्या," तात्या म्हणाले. "यक बी फुटली न्हाई, बघ."

मी तशीच बांधाकडं पळाले. बिळाच्या जागी गवताचं एक नेटकं ढेकूळ बसलेलं. थेंब गळत नव्हता. उपटलेली नळी पुन्हा रोवता येत नाही असं नाही, पण भोवतालची माती हलली की आधीची मापं आणि नंतरची मापं जुळत नाहीत. आणि मोजायला गळतीच उरली नव्हती. माझा पावसाळा तिथं संपला.

परत आले तेव्हा तात्या उभेच होते. "आगं, पानी लई चढलं हुतं. निस्तं बघाया म्हनून गेलो. दिसलं आन् वाकलो. काय केलं त्ये उठल्यावर कळलं. मंग म्हनलं, नळ्या तरी वाचवाव्या."

हॉलंडमध्ये माझी टाच अशीच उठली होती, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी म्हणाले, "तात्या, तुम्ही माझं शिक्षण बुडवलंत."

त्यांनी सूप उचलून आत नेऊन ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी आठ दिवसांनी निघाले, तेव्हा पाया पडताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखं 'मनी, सांभाळून ऱ्हा' म्हणाले नाहीत.

मारिकानं माझा आलेख बघितला. तीन आठवडे वरखाली होणारी रेघ आणि पुढं सपाट. तिकडची माणसं तोंडावर बोलतात. "याचं प्रकरण होत नाही," ती म्हणाली. मग तिनं पेन खाली ठेवलं. "पण त्यांनी बुजवलेलं ते बीळ नंतर गळलं का?"

"नाही. काकी म्हणते, थेंब नाही."

"बुजवायला किती वेळ लागला असेल?"

"दहा मिनिटं."

"कोणतं यंत्र?"

"हात. आणि टाच."

तिनं हेंकला बोलावून घेतलं. त्यांच्याकडं बीळ सापडलं की खणायचं यंत्र येतं, चिकणमाती भरलेला ट्रक येतो, अख्खा दिवस जातो. 'दहा मिनिटं?' असं हेंकनं मला दोनदा विचारलं. मारिका म्हणाली, "ते हे कसं करतात, ते प्रयोगशाळेत करून दाखव. हेच तुझं प्रकरण."

मला वाटलं, सुटले. शंभर वेळा तर बघितलंय! काचेच्या टाकीत बांध घातला, बीळ पाडलं, पाणी सोडलं आणि तात्यांसारखं बुजवलं. अर्ध्या तासात बूच बाहेर आलं. दुसऱ्यांदा बूच राहिलं, पण पाण्यानं शेजारून वाट काढली. गवत बदललं, माती बदलली, पायातले बूट काढून टाचेनं दाबलं. अकरा वेळा केलं आणि अकरा वेळा फसलं. पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. माझी नोकरी सप्टेंबरअखेर संपणार होती.

तात्यांना फोन करून विचारायचं, एवढं साधं होतं. पण वर्षभरात आमचं बोलणं झालं नव्हतं. फोन केला की काकी उचलायची. "त्ये भाईर गेल्यात," म्हणायची. मागं तात्यांचा खोकला ऐकू यायचा.

राखीपौर्णिमेच्या आठवड्यात मी काकीला म्हणाले, "काकी, त्यांना सांग, माझं अडलंय." थोडी खुडबुड झाली आणि तात्यांचा आवाज आला. "काय अडलं?"

खरं तर तिथंच माफी मागायला हवी होती. वर्षभर वाक्यं जुळवून ठेवली होती. पण घाबरून मी कामाचंच बोलले. "तात्या, तुम्ही बीळ कसं बुजवता? माझं टिकत नाही."

"तू काय करतीस?"

"ढेकूळ घालून गच्च दाबते."

"हितंच चुकतंय. गच्च कशापायी? पान्याशी भांडून भागत न्हाई. आदी पान्यावर मूठभर तूस टाकायचं. कुठं फिरतंय बघायचं, तिथून पानी आत शिरतंय. मंग पेंढ्याची चुंबळ करून सोडून द्यायची. पानीच तिला वडून नेतंय. बिळात जिथं आवळ जागा आसंल तिथं ती आपसूक आडकती. मंग वरनं माती आन् शेवटाला ढेकूळ. टाच लावायची ती निस्ती बसवाया. तुजं लक्ष कायम ढेकळाकडं. पेंढा तू बघितलाच न्हाईस."

तूस, पेंढा, चुंबळ. मी भराभर लिहून घेत होते. मग सहज विचारलं, "यंदा बांध कसे आहेत?"

"ओढ्याकडचा गेला. नागपंचमीच्या आदल्या दिशी."

"गेला? कसा काय?"

"त्याच बिळानं. ढेकूळ काडून टाकलं हुतं म्या, लावणी झाल्याव." तात्या जरा घुटमळले. "तुजं मोजायचं ऱ्हायलं हुतं न्हवं. तुज्या नळ्या न्हाईत माज्यापाशी, म्हनून निरगुडीची काठी रवली. रोज सकाळी यका अंगाला पानी किती तेवढी लांब खाच, दुसऱ्या अंगाला बिळाचं त्वांड किती तेवढी लांब खाच, आदल्या दिसाच्या खाली. तू मोजायचीस तसंच. चवतीस दिस झालं. मंग बांधच गेला."

मी फोन हातात धरून प्रयोगशाळेत उभी होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गळती बघून ज्या माणसाचा पाय पुढं पडत नाही, तो चौतीस सकाळी त्या गळतीपाशी गेला, माप घेतलं आणि तसाच परत आला. अर्ध्या खाचराचं भात वाहून गेलं. इंद्रायणी होतं. मला एवढंच विचारता आलं, "काठी आहे का अजून?"

"हाय की. आड्याला खोसून ठिवलीय."

दुसऱ्या दिवशी बाबा टेप घेऊन वाडीत गेले. जन्मभर कचेरीत रकाने भरलेला माणूस. त्यांनी अडुसष्ट खाचा मोजून, तक्ता आखून, खाली सही करून फोटो पाठवला. मी तो आलेखावर घातला. बिळाचं तोंड वीसेक दिवस जवळजवळ तेवढंच होतं, मग हळूहळू वाढत गेलं आणि शेवटच्या पाच दिवसांत एकदम चढलं. असं माप आम्हाला हॉलंडमध्ये कधीच मिळालं नसतं, कारण खरा बांध मरेपर्यंत तिथं कुणी बघत बसत नाही. मारिकानं तो कागद दोन वेळा वाचला आणि म्हणाली, "ही काठी कुणाची आहे त्यांचं नाव आकृतीखाली हवं." बुजवण्याचं कामही तूस आणि पेंढा वापरून पहिल्याच फटक्यात जमलं. सप्टेंबर संपायच्या आत प्रबंध गेला.

तोंडी परीक्षा मेच्या शेवटी झाली. तिकडं हा मोठा सोहळा असतो. काळे झगे घातलेले परीक्षक ओळीनं बसतात आणि बरोबर एक तास प्रश्न विचारतात. प्रबंधाबरोबर काही विधानंही द्यावी लागतात, त्यातली थोडी विषयाबाहेरची चालतात. त्यांवरही विचारतात. माझं एक विधान असं होतं: 'गळता बांध पाहून जो पुढं जाऊ शकतो, त्याला बांधाविषयी काही विचारू नये.' ते मी तात्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पांढऱ्या मिशांच्या एका परीक्षकांनी काठीची आकृती उघडली. "प्रबंधातली ही सर्वांत चांगली आकृती," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पण हे तुमचे काका चौतीस दिवस गळता बांध पाहून पुढं गेले. तुमच्या विधानाप्रमाणं त्यांना काही विचारता कामा नये. की तुमचं विधान चुकलं?"

सभागृहात हशा पिकला. मी तोंड उघडलं. तात्यांनी ते का केलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात दार उघडलं, झगा घातलेले एक गृहस्थ आत आले आणि त्यांनी हातातली लांब काठी फरशीवर आपटली. तास संपला. अशा वेळी वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं, असा तिथला नियम आहे. पुढं पदवी मिळाली, टाळ्या झाल्या, हेंकनं मला उचलून गोल फिरवलं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं.

सगळे केक खायला गेले तेव्हा मी बाहेर पायऱ्यांवर बसून फोन लावला. तिकडं दुपार कलत आली असणार. या वेळी काकीनं नाही, तात्यांनीच उचलला.

"तात्या, झालं. मिळाली डिग्री."

अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "मंजी बुडलं न्हाई?"

एक वाक्य मी रागाच्या भरात टाकलं होतं, आणि ते हा माणूस दोन वर्षं उराशी घेऊन फिरत होता. "नाही तात्या," मी म्हणाले, "काही बुडलं नाही. तुमच्यामुळंच झालं. त्या दिवशी मी बोलायला नको होतं, माझं चुकलं, तात्या."

"ऱ्हाऊ दे त्ये." ते खाकरले. "मंग आता तो ओढ्याकडचा बांध घालू का गं? फुटला तसाच ठिवलाय. म्हनलं, तुला आजून काय बघायचं आसंल. मिरग तोंडावर आलाय, बाय."

अख्खा हिवाळा आणि उन्हाळा. बांध घालायचे दिवस तेच. वाडीतल्या सगळ्यांचे बांध घालून झाले असणार, आणि रोज त्या भगदाडावरून जाताना तात्या माझ्या परवानगीची वाट बघत होते.

"घाला, तात्या," मी म्हणाले.

फोन बंद न करताच त्यांनी घरात हाक मारली, "आगं ए, फावडं कुठं ठिवलंस? मनी घाल म्हनली!"